नितळ सूप, साकेचा चमचा वगळून

जपानी हॉटेलात माशाचे नितळ सूप समोर आले, तर ते आपल्याला चालेल असे बहुतेकांना वाटते. मासा हलाल, मीठ हलाल, पाणी हलाल. डुकराचे मांस नाही ना, एवढे विचारले की झाले. पण या सुपात अनेकदा चमचा-दोन चमचे साके पडते, म्हणजे तांदळाची दारू. ती दिसत नाही, वासावरून ओळखू येत नाही, आणि वाढणाऱ्यालाही ती सांगण्यासारखी गोष्ट वाटत नाही. त्याच्या लेखी ती मिठाच्याच रांगेतली. शिक्षणाला-नोकरीला तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना आणि इथे हौसेने परदेशी पदार्थ करून पाहणाऱ्या भगिनींना हे ठाऊक हवे. आणि हेही ठाऊक हवे, की साके वगळल्याने या सुपाचे काही बिघडत नाही.

‘शिजवताना दारू उडून जाते’ असे सांगणारे भेटतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांप्रमाणे पदार्थ १५ मिनिटे शिजल्यावर त्यातले साधारण ४० टक्के अल्कोहोल शिल्लक असते, आणि हे सूप तर साके घातल्यावर तितकेही उकळत नाही. शिवाय प्रश्न किती उरते एवढाच नाही. शराब मुद्दाम अन्नात घालणे हेच आपल्याला मना आहे.

आता साके तिथे काय काम करते ते पाहू. ती माशाचा उग्र वास मारते, बस्स. हेच काम जपानी स्वयंपाकी मीठ आणि गरम पाण्यानेही करतात. माशाच्या तुकड्यांना मीठ चोळून वीस-तीस मिनिटे ठेवायचे, सुटलेले पाणी टाकून द्यायचे, तुकड्यांवर उकळीच्या जरा खालचे गरम पाणी ओतायचे आणि लगेच थंड पाण्यात बुडवायचे. वरचा थर पांढरा पडतो, म्हणून या रीतीला ‘शिमोफुरी’ म्हणतात, म्हणजे हिमकण पडल्यासारखे दिसणे. मग उरलेले खवले आणि काट्याला चिकटलेले रक्त बोटांनी धुऊन काढायचे. खरा वास तिथेच असतो. एवढे केल्यावर साकेला काम उरत नाही.

या सुपाचे नाव सुइमोनो, घरगुती बोलीत ओसुमाशी. त्याचा सगळा जीव ‘दाशी’ नावाच्या रसात आहे. आपली यखनी हाडांतून येते: नळ्या, आले-लसूण, खडा मसाला आणि दोन-तीन तासांची मंद आच. जपानमध्ये हाडांचा रस्सा रुजला नाही, त्याला कारण आहे. सम्राट तेन्मूने इ. स. ६७५ मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर बंदी घातली, आणि बौद्ध वळणामुळे पुढे कित्येक शतके जनावराचे मांस बहुतेकांच्या ताटाबाहेर राहिले. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे वारे फिरले. तोवर चव समुद्राकडून घेतली जात होती: उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचे कोंबू हे सुकवलेले समुद्रशेवाळ, आणि कुप्याच्या जातीचा मासा शिजवून, धुरावर वाळवून, लाकडासारखा कडक झाल्यावर रंध्याने काढलेल्या त्याच्या पापुद्र्यांची कात्सुओबुशी. दाशी अर्ध्या-पाऊण तासात होते याचे आपल्याला नवल वाटते; पण मासा वाळवण्यात आठवडे, कधी महिने आधीच गेलेले असतात.

१९०८ मध्ये तोक्योतील किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूतून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिले. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतला इनोसिनेट शोधला. दोन्ही एकत्र आले की चव नुसती बेरीज होत नाही, कितीतरी पटींनी वाढते. मसाला नसूनही हे पाणी जिभेला भरलेले लागते ते यामुळे.

घरी करायचे तर एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम कोंबू पुरे, म्हणजे तळहाताएवढा तुकडा. तो ओल्या फडक्याने हलकेच पुसावा. वरची पांढरी भुकटी धुऊ नये, चव तीच असते. अर्धा तास पाण्यात भिजवून मग अगदी मंद आचेवर ठेवावे. तळाशी बारीक बुडबुडे धरले की कोंबू बाहेर. तो उकळला तर पाणी बुळबुळीत होते आणि शेवाळाचा वास येतो. बहुतेकांची दाशी इथेच फसते. आता पाण्याला उकळी आणून गॅस बंद करावा, वीस-पंचवीस ग्रॅम कात्सुओबुशी टाकावी, पापुद्रे तळाशी बसू लागले की मलमलच्या फडक्यातून गाळावे. फडके पिळू नये. पिळले की नितळपणा गेला, आणि मग हा खटाटोप कशासाठी?

कोंबू आणि कात्सुओबुशी मोठ्या शहरांत किंवा ऑनलाइन मिळतात, पण स्वस्त नाहीत. त्याऐवजी चार-पाच सुके शिताके मशरूम लिटरभर पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये भिजवून ते पाणी हळूहळू तापवले, तरी चांगली दाशी होते. रंग मात्र तपकिरी येतो. दुसरी वाट आपल्याच समुद्रातली आहे. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर आणि मालदीवमध्ये त्याच जातीचा मासा शिजवून, धुरावर धरून, वाळवून टिकवतात. आपल्याकडे त्याला मासमीन म्हणतात. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने आपल्या प्रवासवर्णनात या माशाची कृती नोंदवली आहे: तुकडे करून, थोडे शिजवून, झावळ्यांच्या टोपल्यांत ठेवून धुरावर वाळवलेला. मालदीवचे मुसलमान ताज्या कुप्याचे ‘गरुधिया’ नावाचे नितळ सूप आजही पितात. मासमीन मिळाल्यास जाडसर कुटून दहा मिनिटे मंद उकळावे. रस थोडा गढूळ, वास अधिक धुरकट. पण जातकुळी तीच.

तयार दाशीच्या पुडीपासून मात्र सावध. पुडीत मासा असतो तसे चववर्धक आणि कधी इतर अर्कही असतात. २००१च्या सुरुवातीला इंडोनेशियात अजिनोमोटोची पाकिटे बाजारातून परत घ्यावी लागली होती. पावडरीत डुकराचे काही नव्हते. ती बनवताना जिवाणू ज्या खाद्यावर वाढवत, ते तयार करण्यात डुकरापासून घेतलेले एन्झाइम वापरले होते. तिथल्या उलेमा परिषदेने ते हराम ठरवले, आणि कंपनीने प्रक्रिया बदलल्यावर पुन्हा मान्यता मिळाली. पुडीवर हलालचा शिक्का नसेल तर घरचीच दाशी बरी.

सोया सॉसचा प्रश्न जरा नाजूक आहे. अस्सल सोया सॉस आंबवून होतो आणि त्यात थोडे अल्कोहोल आपोआप तयार होते. त्याने नशा येत नाही, म्हणून अनेक उलेमा तो चालतो म्हणतात. काहीजण सावधगिरी पाळतात. आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. पण कित्येक बाटल्यांत टिकण्यासाठी अल्कोहोल वरून घातलेले असते, ते घटकयादीत दिसते; जपानी बाटलीवर ‘शुसेई’ असा शब्द असतो. हलाल प्रमाणपत्राचा सोया सॉस जपानी कंपन्याही बनवतात, तो घ्यावा. आणि नसला तर नुसते मीठ. ‘उशिओजिरू’ हा या सुपाचा जुना प्रकार प्रामुख्याने मिठावरच उभा आहे. ‘मिरिन’ नावाचा गोडसर पाक मात्र सरळ बाजूला ठेवावा. अस्सल मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते.

सहाशे मिलिलिटर दाशीला अर्धा चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा फिक्या रंगाचा सोया सॉस. आधी कमी घालून चाखावे. आपल्या जिभेला पहिला घोट अळणी वाटतो; अर्धी वाटी झाली की बरोबर लागतो.

आत घालायचे जिन्नस वेगळे शिजवून वाटीत मांडायचे आणि वरून कढत रस ओतायचा, म्हणजे रस नितळ राहतो. कोंबडीच्या छातीचे पातळ काप मीठ लावून, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून उकळत्या पाण्यात शिजवले तर रेशमासारखे मऊ होतात. माझ्या मते आपल्या घरांसाठी सुरुवातीला हेच उत्तम, मुलेही खातात. कोकणातल्या घरांनी तांबोशीचे डोके शिमोफुरी करून वापरावे. जपानमध्ये ३ मार्चला मुलींच्या सणाला हामागुरी या शिंपल्यांचे सूप करतात; एका शिंपल्याच्या दोन झडपा एकमेकींनाच बसतात, तिसरी बसत नाही, म्हणून ते चांगल्या जोडीदाराचे चिन्ह. आपल्याकडे तिसऱ्या चालतील. मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास अंधारात ठेवून वाळू सोडवावी, थंड पाण्यात कोंबूसह चढवून तोंडे उघडेपर्यंत शिजवावे, वरचा फेस काढावा. हे शाफई घरांसाठी. हनफी मसलकाप्रमाणे शिंपले चालत नाहीत, त्यांनी कोंबडी किंवा मासा घ्यावा.

शेवटी सुगंध. तिकडे युझू फळाची साल घालतात. आपण लिंबाच्या हिरव्या सालीची नखाएवढी चकती घ्यावी, पांढरा भाग कडवट असतो. कोथिंबीर नको, ती सगळ्यांवर मात करते. हे सूप झाकणाच्या लाकडी वाटीत देतात, कारण झाकण उघडताच येणारा पहिला वास हाच त्याचा अर्धा स्वाद. इफ्तारला, भजी-समोशांआधी, असली एक कढत वाटी रिकाम्या पोटाला फार बरी वाटते.

कोंबूत आयोडीन भरपूर असते. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे किंवा शिताकेची दाशी करावी. गाळून उरलेला कोंबू आणि पापुद्रे फेकू नयेत. अर्ध्या पाण्यात पुन्हा दहा मिनिटे उकळून दुसरी दाशी निघते, ती भाजीला किंवा डाळीला घालता येते.