पगार निराधारचा, चिठ्ठी मेडिकलची

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतल्या दिव्यांगांना महिन्याला मिळणारे 1,500 रुपये ऑक्टोबर 2025 पासून 2,500 झाले. वाढ मोठी आहे, पण तिला तीसने भागलं की दिवसाला 83 रुपये हातात येतात. त्यातच भाकरी, रिक्षा, मोबाइलचं रिचार्ज, आणि उरलं तर फिटच्या, बीपीच्या, साखरेच्या गोळ्या. ‘पगार झाला का?’ असं सोलापुरात ज्या पैशांबद्दल विचारतात, तो पगार औषधांचं काहीच बोलत नाही. तहसील कार्यालयाच्या मंजुरीपत्रासोबत मेडिकल दुकानात दाखवायचं कुठलंही सवलतीचं कार्ड येत नाही.

मग लोक साहजिकच महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं नाव घेतात. ती आता सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि विमा 5 लाखांपर्यंतचा आहे. पण तो प्रामुख्याने दवाखान्यात दाखल झालेल्यांसाठी. गुडघा बदलायचा असेल, हृदयाला स्टेंट घालायची असेल, तर योजना कामाला येते. वर्षानुवर्षं महिन्याच्या महिन्याला लागणारी गोळ्यांची पाकिटं तिच्या हिशेबात बसत नाहीत, आणि पुष्कळ दिव्यांगांचा खर्च नेमका हाच असतो.

म्हणून आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: अपंगत्व आलं कशाने? यंत्रमागावर किंवा गिरणीत काम करताना आलं असेल, आणि कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची, वर्गणी पगारातून कापली जात असेल, तर दरवाजा सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या कामगार विमा रुग्णालयाचा. कामावर असताना झालेल्या अपघातात हाताची बोटं गेली, डोळा गेला, तर वैद्यकीय मंडळ कमाईची किती क्षमता गेली ते टक्क्यांत ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा कायमची रक्कम सुरू होते. इतपत पुष्कळ कामगारांना ठाऊक असतं. औषधांचा नियम मात्र फार थोड्यांच्या कानावर येतो. कायमच्या अपंगत्वामुळे नोकरी सुटली, तरी ईएसआयच्या नियमाप्रमाणे महिन्याला 10 रुपये, वर्षाचे 120 रुपये आगाऊ भरून कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला वैद्यकीय सेवा पुढेही मिळते, निवृत्तीचं वय होईपर्यंत. डॉक्टर, तपासण्या, औषधं सगळं त्यात आलं. वर्षाला 120 रुपये! एवढा स्वस्त नियम इतका लपून का राहावा, हे मला कधी कळलेलं नाही. कारखान्याच्या फाटकावर तो मोठ्या अक्षरांत लावायला काय हरकत होती? अर्थात मालकाने नावच नोंदवलं नसेल तर यातलं काही हाती लागत नाही. विडी कामगार बायांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी केंद्राच्या कामगार कल्याण विभागाचे दवाखाने आहेत, आणि तिथे ओळखपत्र चालतं.

अपंगत्व कामावरचं नसेल, तर सरकारी दवाखान्याची पायरी आलीच. इथे एक गोम आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरपासून औषधांपर्यंत सगळं मोफत झालं ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत: प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं, पंढरपूरसारखी उपजिल्हा रुग्णालयं. सोलापूरकर ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतात ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं. तिथले शुल्काचे आणि सवलतीचे नियम निराळे. तज्ज्ञ डॉक्टर सिव्हिलमध्येच भेटणार हे खरं. पण एकदा निदान झालं, गोळ्या ठरल्या, की त्याच चिठ्ठीवरच्या महिन्याच्या गोळ्या गावाजवळच्या केंद्रात मिळतात का, हे विचारून पाहण्यात शहाणपणा आहे. निदान एसटीचं भाडं वाचेल.

मानसिक आजारामुळे अपंगत्व असेल, तर बाजू भक्कम आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 18 नुसार अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळाली पाहिजेत, आणि तीही सर्व काळ. इथे ‘बाहेरून आणा’ असं लिहून दिलं, तर ते कायद्याला धरून नाही, हे नम्रपणे पण लेखी सांगता येतं.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना पाहावी. वर्षाला 1 लाखापर्यंतचा विमा, आणि वेगळेपण हे की दाखल न होता घेतलेले उपचार आणि औषधंही त्यात येतात, ठरलेल्या मर्यादेत. त्यासाठी बिलं मात्र जपून ठेवावी लागतात.

यातलं काहीच लागू होत नसेल, तर जनऔषधी केंद्र. तिथे औषधं बाजारातल्या कंपन्यांच्या मालापेक्षा 50 ते 90 टक्क्यांनी स्वस्त असतात. डॉक्टरांकडून घटकाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहून घ्यावं, म्हणजे काउंटरवर शोधाशोध होत नाही. फिटच्या गोळ्यांची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. एरवी शांत असलेला आजार अशा बदलाने डोकं वर काढू शकतो.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चं कलम 24 सरकारला सांगतं, की आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, उत्पन्नाची अट ठरवून, दिव्यांगांना औषधं आणि तपासण्या मोफत द्या. मदतीची रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान 25 टक्के जास्त असावी, असंही तेच कलम म्हणतं. हा कायदा एप्रिल 2017 मध्ये लागू झाला. तरी ऑक्टोबर 2025 पर्यंत निराधार योजनेत दिव्यांगाला आणि इतरांना सारखेच 1,500 मिळत होते. पैशांचं कलम अमलात यायला आठ वर्षं लागली. औषधांचं कलम अजून निराधारच्या पगाराशी जोडलेलं नाही.

तोवर जवळचा पैसा गावातच आहे. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत, सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. त्यातून औषधांसाठी मदत मागता येते. अर्जाला दिव्यांग प्रमाणपत्र, डॉक्टरची चिठ्ठी आणि मेडिकलची पावती जोडावी. मार्चअखेर जवळ आली की हा निधी घाईघाईने साहित्यवाटपात संपवला जातो, म्हणून अर्ज दिवाळीच्या आसपासच द्यावा आणि पोच घ्यावी. ग्रामसभेत तर आणखी सरळ विचारता येतं: यंदाचे 5 टक्के किती झाले, आणि किती उरले?