लेक परदेशात, फाइल घरात

गटाच्या बैठकांत हा विषय सारखा निघतोय, म्हणून आजचं बोलणं त्यावरच. कुणाची मुलगी डॉक्टरकी शिकायला जॉर्जियाला गेली, कुणाचा पुतण्या किरगिझस्तानला, कुणाचा भाचा जर्मनीत. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीमुळं मजुराच्या घरातली पोरंसुद्धा आता इंग्लंड-अमेरिकेच्या विद्यापीठांत शिकतात. कुणी बँकेचं कर्ज काढलं, कुणी वावराचा तुकडा विकला. पोर निघालं की चौकात फ्लेक्स लागतो, पेढे वाटले जातात.

आणि त्याच घरातल्या आईला विचारलं, की बाई, लेक नेमकी कोणत्या शहरात आहे, कॉलेजचं नाव काय, तर उत्तर येतं, "तिकडं रशियाकडं कुठंतरी. तिच्या पप्पांच्या मोबाइलमध्ये आहे सगळं."

हे उत्तर आम्हाला काळजीचं वाटतं. पप्पा शेतावर असतात, गाडीवर असतात, मोबाइल कधी बंद असतो. परदेशात लेकरू अडचणीत आलं तर मदतीच्या दोरीचं एक टोक तिच्या हातात असतं आणि दुसरं आपल्या घरात. घरातलं टोक घरात असणाऱ्या बाईला सापडलं पाहिजे.

युक्रेनचं आठवा. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं हल्ला केला आणि त्याच दिवशी तिथलं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. आपली वीस हजारांच्या आसपास माणसं तिथं होती, बहुतेक मेडिकलला शिकणारी मुलं. तळघरांत राहून, मिळेल त्या रेल्वेनं, कित्येक मैल पायी चालत मुलं पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियाच्या हद्दीवर पोचली. तिथून सरकारनं 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांनी त्यांना आणलं. त्या दिवसांत आपल्याकडं जिल्हाधिकारी कार्यालयांनी पालकांकडून अडकलेल्या मुलांची माहिती गोळा केली होती. अशा वेळी विचारतात ते हेच: पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, कॉलेज, राहण्याचा पत्ता, तिकडचा फोन. हे पाच मिनिटांत सांगता आलं तर नाव यादीत लवकर चढतं.

त्याच घटनेतली आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. हल्ल्याच्या नऊ दिवस आधी, १५ फेब्रुवारीला, आपल्या दूतावासानं सूचना काढली होती, की ज्यांचं राहणं गरजेचं नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देशाबाहेर जाण्याचा विचार करावा. बरीच मुलं थांबली. कॉलेजची हजेरी बुडेल ही भीती, विमानाची तिकिटं महाग, आणि घरी आणखी पैसे मागायचे कसे हा संकोच. हा संकोच आईनं जायच्या आधीच मोडून ठेवावा असं आम्हाला वाटतं. "दूतावासानं निघा म्हटलं तर निघ, तिकिटाचं आम्ही बघतो," हे एक वाक्य लेकीला निघतानाच सांगून ठेवायला काही खर्च नाही.

आता दूतावास म्हणजे काय? ती त्या देशातली आपल्या सरकारची कचेरी, बहुधा राजधानीत. मोठ्या देशात इतर शहरांतही तिच्या शाखा असतात, त्यांना वाणिज्य दूतावास म्हणतात. एखाद्या छोट्या देशात आपली कचेरीच नसते, शेजारच्या देशातला दूतावास तिथलं काम पाहतो. आपल्या लेकीचं काम कोणता दूतावास पाहतो, हे जायच्या आधीच विचारून घ्या. तिथं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात मुलीनं दूतावासाकडं आपलं नाव नोंदवायचं. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल २०१५ पासून आहे, त्यावर विद्यार्थ्यांना नोंदणी करता येते. शिवाय घरच्यांना भारतातून तक्रारही टाकता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं. तक्रार टाकली की नंबर मिळतो आणि काम कुठवर आलं ते बघता येतं. सेवा केंद्रातल्या पोराला सांगा, तो भरून देईल. तो नंबर मात्र तुमच्या वहीत लिहून घ्या.

मे २०२४ मध्ये किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर हल्ले केले. आपल्या दूतावासानं मुलांना घराबाहेर पडू नका असं कळवलं आणि चोवीस तास चालणारा फोन नंबर दिला. अशी सूचना दूतावासाच्या पानावर येते, व्हॉट्सॲपवर तिच्या आधी शंभर अफवा येतात. घाबरून पोरीला "आत्ताच्या आत्ता विमानतळावर जा" असं सांगू नका. सूचना काय आहे ते आधी तिलाच विचारा.

दूतावास काय करू शकत नाही, तेही ठाऊक असलेलं बरं. तो त्या देशाचा कायदा बदलू शकत नाही, तुरुंगातून सोडवून आणू शकत नाही, दवाखान्याचं बिल सहसा भरत नाही. मात्र अगदीच हातात काही नसलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून 'भारतीय समुदाय कल्याण निधी' आहे. गरज पाहून त्यातून तात्पुरता निवारा, तातडीचे उपचार, परतीचं तिकीट, वाईटात वाईट म्हणजे मृतदेह घरी आणण्याचा खर्च मिळू शकतो. त्यासाठी अर्ज दूतावासाकडंच करायचा. आणि कुणा मुलाला अटक झालीच तर "माझ्या देशाच्या दूतावासाला कळवा" असं सांगण्याचा त्याला हक्क आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारानं तो दिलाय. हे वाक्य मुलाला त्या देशाच्या भाषेत पाठ असावं.

फोन नंबरांचा एक घोटाळा नीट समजून घेऊ. आपल्याकडं पोलिसांसाठी ११२ लावतो. युरोपातले देश, जॉर्जिया, रशिया इथंही ११२ च आहे. अमेरिका, कॅनडा आणि फिलिपिन्समध्ये ९११, इंग्लंडमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात तीन शून्यं. पण हे नंबर तिथं असलेल्या माणसासाठी. तुम्ही गावातून ११२ लावलंत तर तो आपल्याच राज्याच्या पोलिसांकडं लागणार. म्हणून घरी हवेत ते वेगळे नंबर: खोलीत सोबत राहणाऱ्या मुलीचा, होस्टेलच्या वॉर्डनचा, कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसचा, आणि त्याच शहरातल्या वरच्या वर्गातल्या एखाद्या भारतीय मुलाचा. प्रत्येक नंबर देशाच्या क्रमांकासकट लिहायचा. जॉर्जियाचा ९९५, किरगिझस्तानचा ९९६, रशिया आणि कझाकस्तानचा ७, जर्मनीचा ४९, आणि त्याच्या पुढं अधिकचं चिन्ह. लेकीलाही तुमचा नंबर अधिक ९१ लावूनच पाठ करायला लावा. फोन चोरीला गेला की आईचा नंबरही गेला, असं पुष्कळ मुलांचं होतं. पाठ कोण करतंय आजकाल!

फाइल म्हणतो ती हीच. साधी प्लास्टिकची, बटणाची. तिच्यात पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, व्हिसाची, प्रवेशपत्राची, विम्याच्या कागदाची, आणि वरचे सगळे नंबर मोठ्या अक्षरात. मोबाइलमध्ये फोटो असू द्या, पण कागद पाहिजे, कारण कागदाला चार्जिंग लागत नाही. फाइल गव्हाच्या कोठीमागं की ट्रंकेत, ते घरातल्या दोन बायांना तरी माहीत असावं. शेजारी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबरही लिहून ठेवा.

अठरा वर्षं पूर्ण झालेलं पोर आपल्याला लहानच वाटतं, पण बऱ्याच देशांत दवाखाना किंवा कॉलेज त्याच्या परवानगीशिवाय आईवडिलांनाही माहिती देत नाही. म्हणून प्रवेशाच्या फॉर्ममध्ये 'तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं' या रकान्यात आईवडील दोघांची नावं नंबरासकट गेली आहेत का, ते विचारा.

पासपोर्ट हरवला तर? आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन दूतावास. नवा पासपोर्ट मिळतो. घाईनं घरीच यायचं असेल तर एकदाच भारतात येण्यापुरता तात्पुरता दाखला मिळतो, त्याला इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणतात. तुमच्या फाइलमधली झेरॉक्स तेव्हा उपयोगी पडते. आणि एक गोष्ट ठासून सांगतो. काही एजंट "सुरक्षित राहील" म्हणून मुलांचे पासपोर्ट स्वतःकडं ठेवून घेतात. पासपोर्ट कायद्यानं भारत सरकारच्या मालकीचा असतो. एजंटाला तो अडवून ठेवायचा काही अधिकार नाही. आधी पासपोर्ट मागा, मग फीचं बोला.

पैशांचं. फोनपे-गुगलपेवरून गावातल्या दुकानात पैसे जातात तसे परदेशातल्या बँक खात्यात जात नाहीत. बँकेत फॉर्म भरावा लागतो, पॅनकार्ड लागतं, आणि पैसे पोचायला काही दिवस जाऊ शकतात. पतसंस्थेतून हे होत नाही, गावातल्या लहान शाखेतही बहुधा होत नाही. तालुक्याला किंवा जिल्ह्याला कोणती शाखा परदेशी पैसे पाठवते, ते आताच, घाई नसताना, विचारून या. लेकीनं दोन कार्डं ठेवायची, एक पाकिटात, एक खोलीत. थोडी रोकड वेगळी.

पैशांच्या घाईवरच ठग जगतात. रात्री फोन येतो, "तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे, केस मिटवायची तर लगेच पैसे टाका." मागं कुणी रडतंय. आवाज मुलासारखाच वाटतो, आता मशिननं आवाजाची नक्कल करता येते. अशा वेळी आईचं काळीज थाऱ्यावर राहत नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. यावर आम्हाला आवडलेला उपाय अगदी साधा आहे: घरातला एक खुणेचा शब्द ठरवा. पहिल्या गाईचं नाव, आजोळच्या विहिरीचं नाव, काहीही, जे फेसबुकवर कुठं लिहिलेलं नाही. "आपल्या गाईचं नाव सांग" म्हटलं की ठग फोन ठेवतो. मग मुलाला स्वतः फोन लावा, नाही लागला तर सोबतच्या मुलाला. दूतावास केस मिटवायला फोनवर पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर कळवा, जितकं लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

आता आपल्या हातातलं काम, बोचकं बांधायचं. इथं आपण बाया कुणाचं ऐकत नाही, पण हे ऐका. खसखस दुबई, सौदी, सिंगापूर इथं बंद आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. बरीच विमानं दुबईत बदलतात. काळ्या मसाल्यात खसखस असते, अनारशावर तर असतेच. त्या वाटेनं जाणाऱ्या पोराला या दोन्ही गोष्टी देऊ नका. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहून दाखवावी लागते. लोणचं, तूप, बिया लपवल्या तर मोठा दंड होतो. गोळ्या-औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणि मूळ पाकिटातच द्या. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, दुखण्यावरच्या काही गोळ्यांत ट्रामाडॉल. जॉर्जिया आणि आखाती देशांत अशा औषधांवर कडक कायदा आहे आणि नकळत नेली तरी पोलीस केस होऊ शकते. चिठ्ठीवर औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ नाव लिहून मागा, कारण कंपनीचं नाव तिकडं चालत नाही.

एक जड गोष्ट सांगायची राहिली. जून २०२४ मध्ये रशियातल्या वोल्खोव नदीत मेडिकल शिकणारी चार भारतीय मुलं बुडाली. त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातली मुलं होती. लढाई नव्हती, दंगल नव्हती. संध्याकाळी नदीकाठी फिरायला गेलेली पोरं. परक्या नदीचा ओढ आणि खोली आपल्याला ठाऊक नसते, पाणी इतकं गार असतं की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय आखडतात. ओढ्या-विहिरीत पोहायला शिकलेल्या पोराला हे दोनदा सांगा.

राहता राहिलं घड्याळ. जॉर्जिया आपल्या दीड तास मागं, किरगिझस्तान अर्धा तास पुढं, जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं. फाइलच्या झाकणावर हे लिहून ठेवा. आपल्या पहाटे पाचला जर्मनीत मध्यरात्र असते. तेव्हा लेकीनं फोन उचलला नाही तर ती बहुधा झोपलेली असते. दुपारी पुन्हा लावा.