कार्यक्रम-नियोजन, सार्वजनिक उत्सवातील

सार्वजनिक उत्सव, मेळावा वा समारंभ यांत काय सादर करावयाचे, कोणत्या क्रमाने करावयाचे आणि प्रत्येक सादरीकरणास किती वेळ द्यावयाचा, हे आगाऊ ठरविण्याच्या कार्यास कार्यक्रम-नियोजन म्हणतात. निधी, मंडप, परवाने व सुरक्षा यांची व्यवस्था यास पूरक असली, तरी ती निराळी होय. नियोजनाचा आरंभ उद्‌घाटनापासून होतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मात्र ज्या बाबी हलविता येत नाहीत, विशेषतः समाप्तीची वेळ व समाप्तीची रीत, त्या प्रथम निश्चित करून तेथून मागे येत उरलेल्या वेळेची वाटणी करावी लागते.

पारंपरिक क्रमरचना : महाराष्ट्रातील लोककलांना क्रमाचे शास्त्र पूर्वीपासून अवगत होते. तमाशात प्रथम गण, नंतर गवळण व बतावणी आणि अखेरीस वग येतो. प्रेक्षक जमत असताना लहान व सुटे भाग सादर करावयाचे आणि सर्वजण स्थिरावल्यावर दीर्घ कथानकास हात घालावयाचा, असे या क्रमाचे मर्म सांगता येईल. उशिरा आलेल्याचे गण हुकले तरी वग समजण्यास अडचण येत नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. या दोहोंच्या मध्ये नामगजर होतो व त्याच वेळी कीर्तनकारास हार घालून बुक्का लावण्यात येतो. सत्कार आरंभी अथवा शेवटी न ठेवता श्रोत्यांस विसावा हवा असतो त्या ठिकाणी ठेवण्याची ही योजना अनुकरणीय आहे.

सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ च्या सुमारास सुरू झाला. पुण्यात लोकमान्य टिळकांनी (१८५६–१९२०) त्याचा पुरस्कार केला. मुंबईत गिरगावातील केशवजी नाईक चाळीतील उत्सवही १८९३ पासूनचा आहे. या उत्सवामुळे एका दिवसाच्या कार्यक्रमाऐवजी अनेक दिवसांच्या कार्यक्रमाची आखणी करण्याचा प्रश्न उपस्थित झाला. व्याख्याने, कीर्तने, मेळे, भजने व पुढे नाटके वेगवेगळ्या दिवशी योजिल्यामुळे भिन्न रुचीच्या लोकांना आपापला दिवस मिळू लागला.

ध्वनिविषयक मर्यादा : ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या निर्बंधास दृढता आणली. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. निवासी क्षेत्रासाठी ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ठेवण्यात आली आहे.

या मर्यादेने केवळ कार्यक्रमाची लांबीच नव्हे, तर त्याचा आशयही बदलतो. सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी पुण्यात १९५३ पासून भरविलेल्या संगीत महोत्सवात पूर्वी रात्रभर मैफली चालत. हिंदुस्थानी संगीतात रागांना विशिष्ट प्रहर नेमून दिलेले असल्याने त्या मैफलींत उत्तररात्रीचे व पहाटेचे राग आपल्या वेळी ऐकावयास मिळत. निर्बंधानंतर सत्रे दुपारकडे सरकली व मध्यरात्रीनंतरच्या रागांचे स्वाभाविक स्थान नाहीसे झाले.

चारकोपमधील परिस्थिती : मुंबई उपनगर जिल्ह्यात, कांदिवलीच्या पश्चिमेस वसलेल्या चारकोप येथील वसाहत हे या विषयाचे उद्‌बोधक उदाहरण होय. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८० नंतरच्या दशकात हाती घेतलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पाखाली म्हाडाने तेथे सेवायुक्त भूखंड उपलब्ध करून दिले. लहान भूखंड सामाईक मोकळ्या जागेभोवती मांडून सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाल्या आणि क्रमांकित सेक्टरांची दाट वस्ती उभी राहिली. अशा वस्तीत प्रेक्षक व शेजारी हे निराळे नसतात. मंडपातील ध्वनी ऐकण्यासाठी आलेल्यांबरोबर तो न टाळता येणाऱ्या आजाऱ्यांच्या व तान्ह्या मुलांच्या घरांतही पोहोचतो. माघी गणेशोत्सव जानेवारी-फेब्रुवारीत येत असल्याने दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात, हीही बाब विचारात घ्यावी लागते.

कालवाटप : नोकरीनिमित्त दूर जाणारे उपनगरवासी उपनगरी गाडीने परतून मंडपात येईपर्यंत रात्रीचे ८ वाजतात, असे धरल्यास १० वाजेपर्यंत १२० मिनिटे हाती राहतात. त्यांतून आरतीसाठी २०, सत्कार व भाषणांसाठी १५ आणि अनपेक्षित विलंबासाठी राखीव १० मिनिटे वजा केल्यास ७५ मिनिटे उरतात. दोन सादरीकरणांच्या दरम्यान रंगमंच मोकळा करणे, ध्वनिक्षेपक लावणे व निवेदन यांस सरासरी ३ मिनिटे लागतात, असे समजू. १२ सादरीकरणे ठेवल्यास या मांडामांडीत ३६ मिनिटे जातात व प्रत्येकाच्या वाट्यास जेमतेम सव्वातीन मिनिटे येतात. ६ ठेवल्यास १८ मिनिटे जातात व प्रत्येकास साडेनऊ मिनिटे मिळतात. म्हणजेच संख्या निम्मी केली असता प्रत्येकाचा वेळ दुप्पट नव्हे, तर जवळजवळ तिप्पट होतो. मांडामांडीचा वेळ छापील कार्यक्रमपत्रिकेत दाखविला जात नाही; कार्यक्रम लांबण्याचे ते एक प्रमुख कारण असते.

विलंबाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. प्रमुख पाहुण्यांचे भाषण थांबविणे संयोजकांस अवघड वाटते; त्यामुळे कपात होते ती यादीतील शेवटच्या सादरीकरणात. ते वस्तीतील मुलांचे अथवा महिला मंडळाचे असल्यास अनेक आठवड्यांची तालीम वाया जाते आणि त्यासाठी आलेली कुटुंबे निराश होतात. यास्तव लहान मुलांचे कार्यक्रम आरतीनंतर लगेच, भाषणे मध्यभागी व मोजकी, आणि गरज पडल्यास आखूड करता येईल असे भजन वा वाद्यवादन शेवटी ठेवणे श्रेयस्कर ठरते. तांत्रिक सिद्धता अधिक लागणारी सादरीकरणे लागोपाठ न ठेवता त्यांच्या दरम्यान पडद्यापुढे होऊ शकणारी नक्कल किंवा काव्यवाचन योजिल्यास मांडामांडीचा वेळही रंजक होतो. शांत व गतिमान, सामूहिक व एकल अशी आलटून पालटून मांडणी केल्याने प्रेक्षकांचे अवधान टिकते.

समाप्तीचे नियोजन : उत्सवाची समाप्ती ही त्याची अंतिम घटना असली, तरी निर्णयाच्या दृष्टीने ती पहिली असते, हे २०२५ मध्ये चारकोपमध्ये विशेष स्पष्टपणे दिसून आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर निर्बंध घालण्यात आले होते. त्यांची काटेकोर अंमलबजावणी करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ च्या अखेरीस दिला. गणेशजयंती १ फेब्रुवारीस होती आणि मोठ्या मूर्ती तोवर तयार झालेल्या होत्या. परिणामी ‘चारकोपचा राजा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माघी गणपतीच्या मूर्तीचे नियोजित वेळी समुद्रात विसर्जन होऊ शकले नाही. न्यायालयाने २४ जुलै रोजी ६ फुटांहून उंच मूर्तींचे नैसर्गिक जलाशयांत विसर्जन करण्यास मार्च २०२६ पर्यंत मुभा दिल्यानंतर, ऑगस्टमध्ये मार्वे येथे हे विसर्जन पार पडले. सुमारे सहा महिने मूर्ती जतन करून ठेवावी लागली. भाविकांच्या दृष्टीने निरोपाविना उत्सव अपूर्णच राहतो, तर समुद्राच्या दृष्टीने न विरघळणाऱ्या मूर्तीमुळे तो संपत नाही. या दोन्ही बाजूंचा विचार मूर्तीचे साहित्य व उंची ठरविताना, म्हणजे उत्सवापूर्वी काही महिने, करणे आवश्यक असते.

सार्वजनिक कार्यक्रमाचे यश पुष्कळदा गर्दीवरून मोजले जाते. तथापि ठरलेल्या वेळी संपलेला, शेवटच्या सादरकर्त्यासही पूर्ण अवधी देणारा आणि शेजाऱ्यांची झोप न मोडणारा कार्यक्रम हाच सुनियोजित म्हणता येईल. पुढील वर्षी त्याच वस्तीतून वर्गणी व प्रेक्षक मिळावयाचे असल्याने ही कसोटी नैतिक तशीच व्यावहारिकही आहे.