बटण बंद, तरी कडबा कुट्टीचे चाक का फिरते? हात घालण्याआधी हे वाचाच

लोणी काळभोर : हवेली तालुक्यातील लोणी काळभोर परिसरात गोठा म्हटला की उसाचे वाढे, मका, कडवळ बारीक करायला कडबा कुट्टी लागतेच. बटण बंद केले तरी तिचे जड चाक गरगर फिरत राहते. अडकलेला चारा काढायला नेमका तेव्हाच हात आत घातला, तर बोटे जाऊ शकतात.

फिरत्या चाकात कोनीय संवेग असतो. बाहेरून कोणी अडवल्याशिवाय तो कमी होत नाही. मोटार बंद झाल्यावर बेअरिंगचे घर्षण आणि हवा एवढेच चाकाला अडवतात. म्हणून ते लगेच थांबत नाही. पाती त्याच चाकावर बसवलेली असली, तर तीही फिरतच राहतात.

समजा, चाक २० किलोचे, जवळपास सगळे वजन कडेला, मध्यापासून ४० सेंटीमीटरवर. मिनिटाला ३०० फेऱ्या असतील तर त्यात सुमारे १,६०० ज्यूल ऊर्जा साठते. ५० किलोचे पोते दहा फूट उचलायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते. फेऱ्या दुप्पट झाल्या की ऊर्जा चौपट होते.

मग चाक जड का ठेवतात? चाऱ्याची जाड पेंढी आली तरी साठलेल्या ऊर्जेवर पाती अडत नाहीत. फायदा तोच, धोकाही तोच.

त्यामुळे चाक पूर्ण थांबू द्या. लाईट गेली तरी आधी बटण बंद करा, नाहीतर लाईट येताच मशीन सुरू होईल. मगच चारा काढा, तोही लाकडाने.