लायन गेटसमोरचा मनोरा

गलाईच्या धंद्यामुळे विट्याच्या गल्लीगल्लीतलं कुणी ना कुणी परमुलखात असतं. मुंबईच्या झवेरी बाजारात तुमचे काका-मामा असतील, तर सुट्टीत फोर्टमधल्या नौदल गोदीच्या लायन गेटपर्यंत जाऊन या. तिथे पुढे खांब आणि वर निमुळता मनोरा असलेलं जुनं चर्च दिसेल. हे सेंट अँड्र्यूज चर्च, म्हणजे स्कॉटलंडच्या लोकांचं. १८१९ साली ते सुरू झालं.

इंग्रजांचं सेंट थॉमस चर्च जवळच १७१८ पासून होतं, मग हे दुसरं कशाला? आपण सगळ्या गोऱ्यांना 'इंग्रज' म्हणून मोकळे होतो, पण स्कॉटिश माणसाला ते मान्य नसे. इंग्लंडच्या चर्चवर बिशपची सत्ता, तर स्कॉटिश चर्चमध्ये बिशपच नाही. पाद्री आणि निवडलेली वडीलधारी मंडळी मिळून कारभार पाहतात. पंचायतच म्हणा ना! ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आणि फौजेत स्कॉटिश लोक खूप. १८१३ ची सनद झाल्यावर मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे एकेक स्कॉटिश पाद्री नेमायचे ठरले. त्यानुसार १८१५ मध्ये जेम्स क्लो मुंबईत आले.

खरी चुरस होती ती मनोऱ्याची. कलकत्त्यात बिशप मिडलटन यांनी स्कॉटिश चर्चच्या मनोऱ्याला हरकत घेतली. तेव्हा तिथले पाद्री ब्राइस यांनी मनोरा तर बांधलाच, वर टोकावर कोंबडाही बसवला, असं सांगतात. मुंबईत सेंट थॉमसचा आजचा उंच मनोरा १८३८ चा आहे. म्हणजे इथे स्कॉटिश मंडळींनी आधीच बाजी मारली होती.

पण उंच गेलं की वीज आलीच. १८२६ साली या मनोऱ्यावर वीज कोसळली. सिव्हिलवाल्यांनी लक्षात घ्यावं, दगड-चुन्याच्या बांधकामात ओल मुरलेली असते. विजेच्या प्रचंड उष्णतेने तिची क्षणात वाफ होते आणि बांधकाम आतून फुटतं. म्हणूनच तांब्याची पट्टी बाहेरून थेट जमिनीत नेतात. फ्रँकलिनचा हा उपाय तेव्हा पाऊणशे वर्षं जुना झाला होता.

१८२७ मध्ये मनोरा पुन्हा उभा राहिला, तो जॉन कॅल्डेकट यांच्या हातून. हेच गृहस्थ पुढे त्रावणकोरच्या महाराजांकडे गेले आणि १८३७ मध्ये त्रिवेंद्रमच्या वेधशाळेचे पहिले प्रमुख झाले.