गिनीपिगची दैनंदिन निगा

गिनीपिगच्या नावात डुक्कर आहे, पण डुकराशी त्याचे काही नाते नाही. आणि आफ्रिकेतील गिनी देशाचाही तो रहिवासी नव्हे. उंदीर, खार व साळिंदर ज्या कृंतक गणात मोडतात त्याच गणातील हा प्राणी असून दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा प्रदेश हे त्याचे मूळ स्थान होय. पेरू, बोलिव्हिया व एक्वादोर या देशांच्या डोंगराळ भागात तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळविण्यात आला. तेथे त्याला ‘कुई’ म्हणतात. तेथील शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात हे प्राणी चुलीच्या उबेला मोकळे वावरतात, भाज्यांचे देठ, मक्याची पाने व लसूणघास खाऊन वाढतात, आणि सणावारी त्यांचे मांस खाल्ले जाते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत प्रवेश केल्यानंतर तो युरोपात पोहोचला व तेथे आहारातील प्राणी न राहता घरातील लाडका प्राणी झाला. महाराष्ट्रातही आता अनेक घरांत मुलांच्या हौसेसाठी गिनीपिग आणले जातात.

आणताना तो ससा किंवा पांढरा उंदीर यांच्यासारखाच असावा अशी समजूत असते. धान्य, पोळीचे तुकडे, थोडा कोंडा घातला म्हणजे झाले, असे मानले जाते. अशा रीतीने ठेवलेला प्राणी पहिले दोन आठवडे चांगला दिसतो आणि पुढे काही दिवसांतच दगावतो. हे मरण बहुधा टाळता येण्यासारखे असते. नीट सांभाळलेला गिनीपिग पाच ते सात वर्षे जगतो. पाचवीतल्या मुलासाठी आणलेला प्राणी तो शाळा संपवीपर्यंत घरात असणार, हे वडीलधाऱ्यांनी आधीच लक्षात घेतलेले बरे.

ताज्या पाल्याची गरज

गाय, शेळी, ससा, उंदीर यांच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व आपोआप तयार होते. माणूस, माकड आणि गिनीपिग यांना ते तयार करता येत नाही, कारण त्यासाठी लागणारा एक वितंचक त्यांच्या शरीरात नसतो. ही गोष्ट उघडकीस आली तीही गिनीपिगमुळेच. नॉर्वेमधील अक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रॉलिक हे दोन शास्त्रज्ञ खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनीपिगना केवळ धान्य व पाव यांवर ठेवले. अपेक्षित बेरीबेरी झाली नाही. झाली ती स्कर्व्ही. ताजी भाजी व फळांचा रस देताच रोग हटला. हे निष्कर्ष १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. घरोघरी गिनीपिगला धान्यावर ठेवणारे लोक, पाहू गेल्यास, तोच प्रयोग नकळत पुन्हा करीत असतात.

या जीवनसत्त्वाची उणीव पडल्यास दोन ते तीन आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात. प्राणी हालचाल टाळतो, उचलताच किंचाळतो, केस विस्कटलेले दिसतात, सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते व तोंडातून लाळ गळते. चावताना दुखू लागल्यामुळे तो खाणे सोडतो आणि मग अशक्तपणा झपाट्याने वाढतो.

एक किलो वजनाच्या प्राण्यास रोज सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. गाभण मादीस यातील वरचे प्रमाण द्यावे. ढोबळी मिरचीचा पाव भाग बिया काढून रोज दिल्यास ही गरज पुष्कळशी भागते. कोथिंबीर, कोबीचे पान व पेरूची लहान फोड हेही उपयुक्त आहेत. आवळ्यात हे जीवनसत्त्व विपुल असते, परंतु तो आंबट असल्यामुळे पुष्कळ प्राणी तोंड फिरवितात. खाल्लाच तर नखाएवढा तुकडा पुरे. फळांत साखर असल्याने ती आठवड्यातून दोन-तीन वेळांपेक्षा अधिक देऊ नयेत. शिजविलेली किंवा दिवसभर पडून सुकलेली भाजी या कामी फारशी उपयोगी नाही. जीवनसत्त्वाचे थेंब पिण्याच्या पाण्यात टाकण्याची रीत आहे, पण प्रकाशाने व धातूच्या संपर्काने ते लवकर नाश पावते, शिवाय चव बदलल्यामुळे प्राणी पाणी कमी पितो. बाजारातील तयार गोळीखाद्यातही ते घातलेले असते. तथापि तयार झाल्यापासून तीन महिन्यांनंतर त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पुडक्यावरील तारीख पाहूनच खाद्य घ्यावे, आणि ते खास गिनीपिगचेच असावे. सशाच्या खाद्यात हे जीवनसत्त्व घालण्याचे कारण नसते.

गवत

पाला आवश्यक असला तरी पोट भरावयाचे ते गवताने. गिनीपिगला २० दात असतात व ते सर्व जन्मभर वाढत राहतात. चिवट गवत सतत चावल्यानेच ते झिजतात. गवत कमी पडले की मागचे दात वाढून जिभेवर कमानीसारखे वळतात, आणि भूक असूनही प्राण्यास गिळता येत नाही. म्हणून वाळलेले गवत चोवीस तास समोर असले पाहिजे. मारवेल, हरळी यांसारखी बारीक काडीची, हिरवट रंग टिकून राहिलेली, बुरशीचा वास नसलेली गवते उत्तम. ज्वारीचा कडबा यासाठी फार जाड पडतो. कोवळ्या ज्वारीच्या पानांत विषारी घटक असतो हे जनावरे बाळगणाऱ्यांस ठाऊकच आहे. ती येथेही वर्ज्य समजावी. लसूणघासात कॅल्शियम जास्त असल्यामुळे प्रौढ प्राण्यास तो नेहमी घातल्यास मुतखडा होण्याचे भय असते. वाढती पिल्ले व गाभण माद्या यांना तो चालतो. पालकही याच कारणाने क्वचितच द्यावा. कांदा, लसूण, बटाट्याचे कोंब, तसेच कुंपणावरील कण्हेर व घाणेरी यांपासून प्राण्यास दूर ठेवावे. बाजारची भाजी धुतल्यावाचून देऊ नये. फवारणीच्या औषधांचा अंश एवढ्याशा देहाला पुष्कळ होतो.

गिनीपिग स्वतःच्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. ही विकृती नव्हे. त्या वाटे त्याला काही जीवनसत्त्वे मिळतात. त्यास अडवू नये.

सोबत व जागा

हा कळपाने राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवलेला गिनीपिग कोपऱ्यात बसून राहतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ साली लागू झालेल्या नियमांनुसार असे समूहप्रिय प्राणी एकेकटे ठेवण्यास मनाई आहे. दोन माद्या, अथवा खच्ची केलेला एक नर व एक-दोन माद्या, अशी जोडणी चांगली टिकते. सोबती म्हणून ससा ठेवू नये; त्याच्या लाथेने इजा होते व सशाला न बाधणारे काही श्वसनरोगाचे जंतू गिनीपिगला मारक ठरतात.

दोघांसाठी किमान पाऊण चौरस मीटर तळजागा असावी. तो उड्या मारीत नाही व चढत नाही, तेव्हा उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची. तळाला तारेची जाळी असल्यास तळपाय सोलवटून चिघळतात; म्हणून तळ सपाट असावा, वर जुने सुती कापड किंवा कागद आणि त्यावर गवताचा थर द्यावा. लपण्यास प्रत्येकाला स्वतंत्र आडोसा पाहिजे. लहानसे खोकेही पुरते. मांजर, मुंगूस व घुशी यांपासून रात्री बंदोबस्त करावा.

उष्णता तर त्याला मुळीच सोसत नाही. अँडीजच्या थंड पठारावरील हा प्राणी १८ ते २४ अंश सेल्सियस तापमानात सुखी असतो. पारा ३० अंशांवर गेला की उष्माघाताचा धोका सुरू होतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत एप्रिल-मे महिन्यांत घरातील सर्वांत थंड, तळमजल्याची खोली त्याला दिली पाहिजे. खिडकीवर ओले गोणपाट, पिंजऱ्यात गार पाण्यात भिजवून ठेवलेले कौल, आणि दोन ठिकाणी पिण्याचे पाणी, एवढे केल्यास पुष्कळ भागते. पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद गच्चीत तो दुपार काढू शकणार नाही. कोकणात अडचण उलट स्वरूपाची असते. पावसाळ्यात गवताला बुरशी येते, अंथरूण ओले राहते, आणि कातडीवर गजकर्ण उठते. तेथे गवत मे महिन्यातच कोरडे करून पोत्यात भरून, जमिनीपासून उंच ठेवावे आणि अंथरूण रोज बदलावे.

आजार ओळखणे

शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असलेल्या जातींत आजार लपविण्याची सवय असते, व गिनीपिग त्यास अपवाद नाही. मात्र भूक त्याला लपविता येत नाही. सकाळी विळीवर भाजी चिरण्याचा आवाज येताच किंवा पिशवी खुसखुसताच तो शीळ घातल्यासारखा ओरडू लागतो. रोज ओरडणारा प्राणी एखाद्या सकाळी गप्प राहिला, तर ती गोष्ट गंभीर मानावी. पाला पुढे ठेवून पाहावे. हुंगून तो बाजूला झाला किंवा लेंड्या लहान व कमी पडल्या असतील, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे. चोवीस तास पोट रिकामे राहिले तर आतड्यांचे काम मंदावते व प्राणी वाचविणे कठीण होते.

आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील काट्यावर, टोपलीत बसवून, वजन करावे व वहीत लिहावे. प्रौढ प्राण्याचे वजन साधारणपणे ७०० ते १,२०० ग्रॅम असते. त्यात ५० ग्रॅमची घट दिसल्यास लक्ष ठेवावे. १०० ग्रॅम घटल्यास तपासणी करून घ्यावी. केसांखालची काडीसारखी झालेली पाठ डोळ्यांना दिसत नाही, पण आकडा खोटे बोलत नाही. त्याच वेळी नखे, तळपाय व पुढचे दात पाहून घ्यावेत. अंग सारखे खाजवून केस गळत असतील तर ती बहुधा खरूज असते व योग्य औषधाने ती बरी होते.

औषधांबाबत एक गोष्ट प्राणावर बेतणारी आहे. माणसांसाठी आणून उरलेले ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन यांसारखे पेनिसिलिन वर्गातील औषध गिनीपिगला पोटात दिल्यास आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट होऊन घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत प्राणी मरतो. पशुवैद्यकाकडे जातानाही ‘हा गिनीपिग आहे’ असे आवर्जून सांगावे. खेड्यांतील दवाखान्यांत गाई-म्हशींचे रुग्ण अधिक असतात.

पिल्ले

दुकानातून दोन माद्या म्हणून आणलेल्या जोडीत एक नर निघणे ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून लिंगपरीक्षा जाणत्याकडून करून घ्यावी. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. मादी पहिल्यांदा सहा-सात महिन्यांच्या वयानंतर गाभण राहिल्यास कटीच्या हाडांचा सांधा पक्का झालेला असल्याने तिला विता येत नाही, आणि शस्त्रक्रियेवाचून ती वाचत नाही. मोठ्या वयाची मादी नराजवळ कधीही सोडू नये. पिल्ले अंगावर केस व डोळे उघडे घेऊनच जन्मतात आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशी पाला कुरतडू लागतात. विताच काही तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून नरास आधीच दूर करावे. नर पिल्ले तीन आठवड्यांची झाली की आई व बहिणींपासून वेगळी काढावीत.