बुरशीवर बुरशीचा उतारा

पश्चिम जावातल्या बांडुंगच्या बाजारात केशरी रंगाच्या वड्या विकायला असतात. नाव ओंचोम. शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड रात्रभर भिजवायची, वाफवायची, वड्या थापायच्या, त्यांवर आधीच्या ओंचोमचा चुरा विरजणासारखा भुरभुरायचा आणि केळीच्या पानाखाली झाकून ठेवायच्या. एक-दोन दिवसांत न्यूरोस्पोरा नावाची बुरशी वडीभर पसरते. मग तळा, नाहीतर मिरची घालून परता. आपल्याकडे जी पेंड गाईम्हशींच्या पुढ्यात जाते, ती तिथल्या सुंदानी लोकांच्या घरांत ताटात येते.

या पेंडीचा लौकिक मात्र बरा नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले आणि माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत लागला. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी तयार करते ते अफ्लाटॉक्सिन हे विष त्यातूनच जगाला कळलं. हे विष थेट यकृतावर घाव घालतं. आपल्याकडे १९७४ मध्ये बांसवाडा आणि पंचमहालच्या आदिवासी गावांत पावसात भिजून बुरसटलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. कावीळ व्हायची, पोटात पाणी भरायचं. मक्याची भाकरी भाजून खाल्ली तरी सुटका नव्हती, कारण हे विष मोडायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. धान्य झटकून उन्हात टाकलं की बुरशी जाते, विष दाण्यातच राहतं.

मग ओंचोम खाणाऱ्यांचं काय? १९६८ मध्ये व्हान व्हीन, ग्रॅहम आणि स्टाइनक्राउस या संशोधकांनी हेच तपासलं. ओंचोमच्या न्यूरोस्पोराने पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन सुमारे निम्म्यावर आणलं. टेम्पे हा आंबवलेला पदार्थ ज्या रायझोपस बुरशीने बनतो, तिने ते सुमारे सत्तर टक्क्यांनी घटवलं. बुरशीने बुरशीचं विष उतरवावं, ही गंमतच आहे. पण हिशेब करून बघा. आपल्याकडे धान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅमच अफ्लाटॉक्सिन चालतं. किलोमागे शंभर मायक्रोग्रॅम विष असलेला माल सत्तर टक्के उतरला तरी तीस उरतात, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट! शिवाय रायझोपस त्यातल्या काही विषाचं नुसतं रूप पालटते. त्यातून होणारं अफ्लाटॉक्सिकॉल कमी जहरी असलं, तरी परिस्थिती जुळली की पुन्हा मूळ विष होऊ शकतं.

जावातच आणखी एक धडा आहे. खोबऱ्याच्या पेंडीच्या टेम्पेत भलताच जिवाणू शिरून बोंग्क्रेकिक आम्ल तयार व्हायचं आणि माणसं मरायची. १९८८ मध्ये तिथल्या सरकारने हा पदार्थ बंद केला. आंबवण्याला पारखलेलं विरजण लागतं, ते याचसाठी.

माझ्या मते बुरशीवर बुरशी सोडण्याच्या या कल्पनेचा खरा उपयोग शेतात आहे. फ्लेव्हसचेच काही वाण विष बनवत नाहीत. भाजून निर्जीव केलेल्या ज्वारीच्या दाण्यांना त्यांचे बीजाणू लावून ते दाणे पीक उभं असतानाच रानात फेकतात. निरुपद्रवी वाण आधीच जागा बळकावतो आणि विषारी भाऊबंदाला शिरकाव मिळत नाही. अ‍ॅरिझोनात कापसासाठी आणि नायजेरियात मका-भुईमुगासाठी ही युक्ती चालू आहे.

ही युक्ती आपल्या रानात येईतोवर आपल्या हातात आहे ते वाळवण. भुईमुगाच्या शेंगा हलवल्यावर आत दाणे खुळखुळू लागल्याशिवाय पोती भरू नका. काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून फेका. बुरसटलेली पेंड जनावरांनाही घालू नका. तिच्यातलं विष रूप बदलून दुधात उतरतं, आणि दूध उकळूनही ते जात नाही.